हुकमाची भाषा आणि खुशालीची भाषा

माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, १९४२ साली इंग्रजांच्या फौजेत भरती झाले. लष्करी पुरवठा खात्यात ते लॉरी चालवत. आधी इराक, मग इटली असे फिरून लढाई संपल्यावर सातारा जिल्ह्यातल्या आपल्या गावी परतले आणि उरलेले आयुष्य शेती करत जगले. ते वारले तेव्हा मी शाळकरी पोरगा होतो. त्यांची पत्र्याची पेटी उघडली तेव्हा तीत दोन पदके, एक पगारपुस्तिका, एक वही आणि सुतळीने बांधलेली काही पोस्टकार्डे निघाली.

वहीत इंग्रजी अक्षरे होती. दादा इंग्रजी शिकले होते हे कुणालाच ठाऊक नव्हते. मी एकेक अक्षर जुळवून वाचू लागलो तर शब्द कानावर आले ते असे : पानी देखो, तेल देखो, हवा देखो, ब्रेक देखो. भाषा उर्दू होती आणि लिपी रोमन. पोस्टकार्डे मात्र बाळबोध मराठीत होती. ‘आम्ही येथे खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवावी,’ अशी सुरुवात आणि मग बैल, पाऊस, थोरल्याची शाळा, धाकटीचा ताप. मी दादीला विचारले, ‘‘घरात तर आपण दखनी बोलतो. मग दादांनी मराठीत का लिहिले?’’ दादी म्हणाली, ‘‘गावात वाचणार कोण होते? शाळेचे मास्तर ओट्यावर बसून वाचायचे. त्यांना मराठीच येत होती.’’

उर्दू लिपीतला एकही कागद त्या पेटीत नव्हता. पुढे मी बी.एड. झालो आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवू लागलो, तेव्हा ती पेटी मला पुन्हा पुन्हा आठवू लागली. दादांना फौजेने उर्दू शिकवली, पण तिची लिपी दिली नाही. घरची दखनी त्यांना ना फौजेत कामाला आली ना टपालात. हुकूम घ्यायला एक भाषा, खुशाली कळवायला दुसरी आणि मनात बोलायला तिसरी. एका साध्या लॉरीवाल्याच्या वाट्याला हा पेच का आला, याचा शोध घेताना मी जे वाचले ते वाचकांसमोर ठेवतो आहे.

हुद्दे कुठून आले?

फौजेची भाषा एका दिवसात ठरत नाही. सुभेदार, जमादार, हवालदार, रिसालदार, दफेदार, स्वार, सिपाही हे सारे शब्द फारसीच्या वाटेने आले. इंग्रजांनी ते निर्माण केले नाहीत, आयते उचलले. आपल्या मुलखात तर ते त्याही आधी रुळले होते. शिवाजी महाराजांच्या पायदळात नाईक होता, त्याच्यावर हवालदार होता, मग जुमलेदार, हजारी आणि सर्वांवर सरनोबत. महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास रघुनाथ पंडितांकडून ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला आणि फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. सरनोबताचा सेनापती झाला. आपल्याकडे राज्याच्या भाषेचे धोरण लिहून ठरवण्याचा हा महत्त्वाचा प्रयत्न होता. तरीही नाईक आणि हवालदार तसेच राहिले, कारण ते शब्द कोशातून आलेले नव्हते. ते रोजच्या पहाऱ्यावर आणि चौकीवर वापरून गुळगुळीत झाले होते. पुढे इंग्रजांच्या मुंबई फौजेत मराठे आणि दखनी मुसलमान भरती झाले तेव्हा हे दोन्ही हुद्दे त्यांना परके वाटले नाहीत.

कवायतीचे हुकूम इंग्रजीत असत. शिपाई ते आपल्या जिभेवर वळवून घेत. रात्रीच्या पहारेकऱ्याने ‘कोण आहे तिकडे’ असे इंग्रजीत विचारायचे, त्याचे ‘हुकुमदार’ झाले. हा शब्द आपल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी कालपरवापर्यंत होता.

मुन्शी आणि साहेब

कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना शिपायांशी बोलता यायला हवे होते. १८०० साली कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज निघाले. तेथे जॉन गिलख्रिस्ट यांच्या देखरेखीखाली मुन्शी बसवून सोप्या हिंदुस्तानीत पुस्तके लिहून घेतली गेली. मीर अम्मन यांचे ‘बाग-ओ-बहार’ हे त्यांतलेच. आज आमच्या उर्दूच्या अभ्यासक्रमात ते आधुनिक उर्दू गद्याचा पाया म्हणून शिकवले जाते. ज्या पुस्तकाने आमच्या गद्याला वळण दिले, तेच पुस्तक पुढे कित्येक दशके लष्करी अधिकाऱ्यांच्या परीक्षेला लावलेले होते, हे विद्यार्थ्यांना सांगितले की ते चकित होतात.

इंग्रज अधिकाऱ्याला भारतीय पलटणीत टिकायचे तर ठरलेल्या मुदतीत हिंदुस्तानीची परीक्षा पास व्हावे लागे. खालची श्रेणी, वरची श्रेणी अशा पायऱ्या होत्या आणि पास झाल्यावर बक्षिसाची रक्कमही मिळे. त्यासाठी तो मुन्शी ठेवी. कलकत्त्याच्या परीक्षक मंडळाचे काम पाहणारे लेफ्टनंट कर्नल फिलट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्तानी शिकवणारी पुस्तके लिहिली. साहेब कुठे अडखळतो आणि कुठे हसे करून घेतो, याचा त्यांनी बारकाईने विचार केलेला दिसतो.

इथे एका गोष्टीची नोंद प्रामाणिकपणे करायला हवी. इंग्रजांची फौज परक्या सत्तेची फौज होती. तिचा हेतू आपल्याला ताब्यात ठेवण्याचा होता. तरी तिने भाषा शिकण्याचे काही ओझे अधिकाऱ्याच्या खांद्यावर टाकले. ज्याच्या हातात हुकूम आहे त्याने ऐकणाऱ्याची भाषा शिकावी, हा नियम आजही कित्येक कचेऱ्यांत आणि शाळांत पाळला जात नाही. मात्र साहेब शिकला ती सगळ्यांची भाषा नव्हती. कोकणातल्या मराठ्याला, गढवाल्याला, पठाणाला आणि मद्रासकडच्या तमिळ माणसालाही ती शिकावीच लागली. साहेबाने एक पाऊल टाकले ते आपल्या सोयीच्या भाषेपर्यंत. तिथून पुढचे अंतर शिपायाने चालायचे.

लिपीविना उर्दू

उत्तर हिंदुस्तानात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नागरी की फारसी लिपी हा वाद पेटला. १९०० साली तिथल्या सरकारने कचेऱ्यांत नागरीलाही मान्यता दिली आणि वाद आणखी चिघळला. फौजेत दोन्ही बाजूंची पोरे होती. नागरी घ्यावी तर एक नाराज, फारसी घ्यावी तर दुसरा. साहेबाला दोन्ही जड. मिशनऱ्यांनी आधीच रोमन अक्षरांत उर्दू छापून वाट दाखवली होती. फौजेने ती धरली. टंकलेखनाला आणि तारेच्या संदेशाला सोपी, साहेबाला ओळखीची आणि कोणत्याही धर्माची न वाटणारी. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ‘रोमन उर्दू’ ही फौजेच्या शिक्षणाची आणि परीक्षेची भाषा होऊन बसली. रंगरूट कुठलाही असो, बढतीसाठी त्याला रोमन उर्दूचा दाखला लागे.

सोय झाली हे खरे. दुसऱ्या महायुद्धात फौज पंचवीस लाखांवर गेली. जुन्या ‘लढवय्या’ जातींच्या पलीकडे जाऊन तमिळ, तेलुगू, मराठी, बंगाली सगळीकडचे लोक घ्यावे लागले. काही महिन्यांत त्यांना एका भाषेत कामापुरते बोलते-लिहिते करायचे, तर ही युक्ती उपयोगी पडली. माझ्या दादांची वही तिचाच पुरावा आहे.

पण उर्दूचा मास्तर म्हणून मला दुसरी बाजू दिसते. आमच्या लिपीत ‘स’ लिहायला से, सीन, स्वाद आहेत. ‘ज’च्या जवळच्या आवाजाला जाल, जे, ज्वाद, जोय अशी चार अक्षरे आहेत. मुले या अक्षरांनी रडकुंडीला येतात. पण शब्द अरबीतून आला की फारसीतून, त्याचे नातेवाईक शब्द कोणते, हे त्या अक्षरांवरूनच कळते. रोमनमध्ये सगळ्यांचे एकच अक्षर होते. वहीतली उर्दू शिकलेला शिपाई वर्तमानपत्र वाचू शकत नव्हता, गालिबचे पुस्तक उघडू शकत नव्हता, मदरशातल्या भावाचे पत्रही वाचू शकत नव्हता. त्याला ब्रेक तपासण्यापुरती उर्दू मिळाली. भाषा फौजेत वाढली, तिचा संसार मात्र बाहेर राहिला. उर्दूला फौजेने मोठे केले, असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी हा हिशेब विसरू नये.

मराठा पलटणीतले दखनी मुसलमान

आपल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण पहिल्या महायुद्धापर्यंत ज्या पलटणींना ‘मराठा’ नाव होते त्यांत दखनी मुसलमानही असत. १९०८ साली मेजर बेथम यांनी भरती अधिकाऱ्यांसाठी एक माहितीपुस्तक तयार केले. त्याचे नावच ‘मराठे आणि दखनी मुसलमान’ असे आहे. इंग्रजांच्या दृष्टीने दख्खनची ही दोन माणसे एका पुठ्ठ्यात बसणारी होती.

१८५७ च्या उठावानंतर फौजेच्या फेररचनेसाठी पील आयोग नेमला गेला. सगळ्या जातीजमाती एकजीव होऊ नयेत, त्यांचा समतोल राखावा, हे पुढच्या धोरणाचे सूत्र ठरले. त्यातून एका जमातीची एक कंपनी अशी रचना रुळली. हेतू फोडा आणि झोडा हाच. पण त्याचा एक न ठरवलेला परिणाम झाला. कंपनीच्या आत शिपाई आपल्या मायबोलीत बोलत राहिला. मराठ्यांच्या कंपनीत मराठी, पठाणांच्या कंपनीत पश्तो, गुरख्यांच्या पलटणीत त्यांची गुरखाली. गुरख्यांच्या पलटणीतल्या साहेबाला तर उर्दूच्या जोडीला गुरखालीही शिकावी लागे. कुणी हक्क म्हणून हे दिले नव्हते. बराकीची भिंत घातली होती आणि भिंतीच्या आड भाषा जगली, इतकेच.

दखनी मुसलमानाचे काय? साहेबाच्या कागदावर मुसलमान म्हणजे उर्दू. पण सोलापूर, सातारा, अहमदनगरकडच्या मुसलमानाची दखनी ही पुस्तकी उर्दूपासून दूर आणि शेजारच्या मराठीला चिकटलेली. आम्ही ‘नको’ म्हणतो, ‘नहीं चाहिए’ नाही. त्यामुळे त्याला मराठा शेजाऱ्याइतकीच नवी उर्दू शिकावी लागली. शिवाय ती तुझीच आहे, असेही त्याला सांगितले गेले. हा अनुभव माझ्या वर्गातल्या मुलांनाही येतो. पहिलीत येणारे मूल घरून दखनी घेऊन येते आणि आम्ही त्याची ‘उर्दू’ सुधारू लागतो.

या पलटणींची मोठी परीक्षा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये झाली. सहावी पुणे डिव्हिजन कुत-अल-अमारा येथे ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढ्यात अडकली. तीत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. उपासमारीने गांजलेल्या या शिपायांसाठी तुर्कांनी भारतीय भाषांत पत्रके छापून खंदकांकडे पाठवली. इंग्रजांना सोडून या, असा त्यांचा मजकूर. शत्रूलाही कळत होते की माणसाला फोडायचे तर त्याच्या भाषेत बोलावे लागते.

तीनदा हरवलेली पत्रे

भाषेच्या हक्काचा खरा कस लागला तो पत्रांत. २६ सप्टेंबर १९१४ रोजी भारतीय फौजेची पहिली तुकडी फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरली. थंडी, चिखल आणि तोफा यांत सापडलेल्या शिपायांची टपाल घरी जाऊ लागली आणि सरकारला धास्ती वाटू लागली. ही पत्रे वाचण्यासाठी खास कचेरी बसवण्यात आली. कॅप्टन हॉवेल हे तिचे प्रमुख होते. पत्रे उर्दूत असत, गुरुमुखीत असत, हिंदीत आणि इतर भाषांतही असत. त्यांतले निवडक उतारे इंग्रजीत भाषांतरित करून वरिष्ठांकडे अहवाल जाई.

आज मूळ पत्रे बहुतेक नष्ट झाली आहेत. उरले आहेत ते इंग्रजी उतारे. १९९९ साली डेव्हिड ओमिसी या इतिहासकाराने त्यांतले शेकडो उतारे पुस्तकरूपाने छापले, तेव्हा या माणसांचा आवाज प्रथमच सामान्य वाचकापर्यंत पोचला. पण तो आवाज कसा पोचला ते पाहा. शिपाई निरक्षर. तो मनातले आपल्या बोलीत सांगणार. लिहिणारा सोबती ते आपल्याला येणाऱ्या उर्दूत उतरवणार. तपासनीस त्याचे इंग्रजी करणार. पहिल्या पायरीवर बोली गेली, दुसऱ्या पायरीवर उर्दू गेली, आणि मूळ कागद गेल्यावर तिसऱ्यांदा सगळेच गेले. आईला ‘अम्मा’ म्हणाला होता की ‘माय’, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

तरीही शिपाई हुशार होते. आपले पत्र तिसरा कुणी वाचतो हे त्यांनी ओळखले आणि सांकेतिक बोली तयार केली. काळी मिरी म्हणजे भारतीय शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात, अशा आशयाचे लिहिले की घरच्यांना कळे की आपली माणसे फार मेली, पोराला भरतीला पाठवू नका. तपासनिसांना हा डाव कळला होता, म्हणूनच तो आपल्यापर्यंत आला. जे कळले नाहीत ते डाव किती असतील?

एक चांगली गोष्टही नोंदवली पाहिजे. इंग्लंडमधल्या ब्रायटन येथील राजवाड्यात डिसेंबर १९१४ पासून जखमी भारतीय शिपायांचे इस्पितळ चालले. तिथे पाट्या उर्दू, हिंदी आणि गुरुमुखीत होत्या. वेगवेगळ्या धर्माजातींसाठी नऊ स्वयंपाकघरे होती. यात प्रचाराचा भाग मोठा होता, हे उघड आहे. पण जखमी माणसाला दारावरची पाटी वाचता येणे ही छोटी गोष्ट नव्हे. १९२७ साली फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेल येथे भारतीय मृतांचे स्मारक उभे राहिले. त्याच्या स्तंभावर ईश्वर एक आहे आणि विजय त्याचाच, अशा अर्थाचे वचन इंग्रजी, अरबी, हिंदी आणि गुरुमुखीत कोरलेले आहे. मुसलमानांसाठी अरबी घेतली. ज्या उर्दूत त्या मुलांनी हुकूम घेतले आणि पत्रे लिहिली, तिला त्या खांबावर जागा मिळाली नाही. मराठीलाही नाही.

कैदेतला आवाज

या कहाणीत एक विलक्षण अपवाद आहे. जर्मनांनी बर्लिनजवळ व्यून्सडॉर्फ येथे ‘चंद्रकोर छावणी’ उघडली होती. तीत मुख्यतः मुसलमान आणि भारतीय युद्धकैदी ठेवले. १९१५ साली तिथे लाकडी मशीदही बांधली. हेतू हा की या कैद्यांनी इंग्रजांविरुद्ध उभे राहावे. त्यांच्यासाठी ‘हिंदोस्तान’ नावाचे वार्तापत्र हिंदी आणि उर्दूत निघत असे.

त्याच काळात जर्मन भाषातज्ज्ञ ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन कैदी छावण्यांतून फिरले. जगातल्या शेकडो भाषा-बोलींचे नमुने त्यांनी कैद्यांच्या तोंडून टिपून घेतले. त्या तबकड्या आजही बर्लिनच्या हुंबोल्ट विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात आहेत. ११ डिसेंबर १९१६ रोजी माल सिंग नावाचा पंजाबी शिपाई त्या यंत्रासमोर बोलला. स्वतःविषयी बोलताना तो ‘मी’ म्हणत नाही, एक माणूस होता असे म्हणतो. तो माणूस हिंदुस्तानात लोणी खात असे, दूध पीत असे. मग तो इंग्रजांच्या नोकरीत आला, युद्धात आला, कैद झाला. आता त्याला घरी जायचे आहे.

तज्ज्ञांना त्याच्या दुःखाशी देणेघेणे नव्हते. त्यांना व्याकरण हवे होते. पण ज्या सरकारसाठी तो लढला त्याच्या दफ्तरात अशा माणसाचे इंग्रजी भाषांतर उरले, आणि शत्रूच्या कैदखान्यात त्याची मायबोली, त्याच्याच आवाजात, जिवंत राहिली. हे वाचले तेव्हा मला दादांची पोस्टकार्डे काढून पुन्हा हातात घ्यावीशी वाटली.

आझाद हिंदचा प्रयोग

१९४३ साली सुभाषबाबूंनी सिंगापुरात आझाद हिंद फौजेची सूत्रे घेतली, तेव्हा भाषेचा प्रश्न त्यांच्याही पुढे होता. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनातच त्यांनी रोमन लिपीतल्या हिंदुस्तानीचा पुरस्कार केला होता. तीच त्यांनी फौजेत आणली. ‘इत्तेहाद, एतमाद, कुर्बानी’ हे ब्रीद झाले. ‘जय हिंद’ हा घोष ज्यांच्या नावाशी जोडला जातो ते आबिद हसन हैदराबादचे, म्हणजे आपल्या दख्खनचेच. जर्मनीहून पाणबुडीतून आलेल्या सुभाषबाबूंचे ते सोबती होते.

या फौजेत मलायातल्या मळ्यांवरचे तमिळ स्त्री-पुरुष मोठ्या संख्येने आले. त्यांना हिंदुस्तानी येत नव्हती. ती त्यांना शिकवली गेली, पण नेताजींच्या सभांत तमिळ भाषांतरही होत असे. जातवार कंपन्या मोडल्या, एकत्र पंगती बसल्या. इंग्रजांच्या फौजेत भाषा भिंतीआड जगली होती. इथे भिंत नव्हती, म्हणून दुभाष्या उभा करावा लागला. एक भाषा सर्वांची करायची असेल तर जे मागे राहतात त्यांच्यासाठी दुभाष्या ठेवण्याची जबाबदारी नेत्याची आहे, हे त्या थोड्या महिन्यांच्या प्रयोगाने दाखवले.

फाळणीनंतर दोन्हीकडे

१४ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीने देवनागरीतल्या हिंदीला संघराज्याची राजभाषा ठरवले. फौजेतली रोमन उर्दू हळूहळू मागे पडून तिची जागा नागरी हिंदीने घेतली. शब्द पुष्कळसे तेच राहिले. हवालदार, सुभेदार, जवान, फौज यांना कुणी हात लावला नाही. मराठा लाइट इन्फंट्रीची ललकारी आजही ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ अशी आहे. नाव महाराजांचे आणि ‘की’ हिंदुस्तानीतली. पलटणीच्या या एका ओळीत सगळा भाषिक इतिहास मावला आहे. १९०९ साली सुरू झालेल्या ‘फौजी अखबार’चे १९५४ मध्ये ‘सैनिक समाचार’ झाले आणि पुढे ते तेरा भाषांतून निघू लागले. त्या यादीत मराठी आहे, उर्दूही आहे. कामाची भाषा एक आणि वाचायला आपापली भाषा, ही वाटणी मला न्यायाची वाटते.

सीमेपलीकडे मात्र दुसरे घडले, आणि उर्दूच्या माणसाने ते टाळू नये. १५ फेब्रुवारी १९४८ रोजी ढाक्यात ईस्ट बंगाल रेजिमेंटची स्थापना झाली. पाकिस्तानच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक बंगाली, फौजेत मात्र त्यांचा वाटा अगदी थोडा, आणि फौजेची देशी भाषा उर्दू. पुढच्याच महिन्यात, २१ मार्चला, ढाक्याच्या जाहीर सभेत जिनांनी सांगितले की राष्ट्रभाषा उर्दूच होईल, दुसरी नाही. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी बंगालीसाठी निघालेल्या विद्यार्थ्यांवर ढाक्यात गोळ्या झाडल्या गेल्या. १९५६ च्या घटनेत बंगालीला स्थान मिळाले, पण तोवर मन फाटले होते. मार्च १९७१ मध्ये ईस्ट बंगालच्या पलटणींनी बंड केले. बंडाला कारणे अनेक होती, पण तेवीस वर्षांपूर्वीच्या त्या सभेपासून सुरू झालेली जखम त्यात होतीच.

युनेस्कोने १९९९ साली २१ फेब्रुवारी हा मातृभाषा दिन म्हणून जाहीर केला. आमच्या शाळेत त्या दिवशी उर्दूचे कार्यक्रम होतात. मुले नज्म म्हणतात, फलक रंगवतात. काही वर्षांपूर्वी मी मुलांना सांगितले की हा दिवस ज्यांच्या आठवणीसाठी आहे ती मुले उर्दूच्या नावाने चाललेल्या जबरदस्तीविरुद्ध मेली. वर्ग गप्प झाला. एका मुलीने विचारले, ‘‘सर, मग आपली भाषा वाईट आहे का?’’ मी म्हणालो, ‘‘भाषा वाईट नसते. तिच्यात दिलेला हुकूम वाईट असू शकतो.’’ एका सहकाऱ्याला हे आवडले नाही. मुलांना आधीच उर्दूविषयी न्यूनगंड आहे, त्यात ही भर कशाला, असे त्यांचे म्हणणे. त्यांची काळजी मला समजते. पण अल्पसंख्याकांच्या भाषेचा हक्क आम्ही इथे मागत असू, तर तिथे आमच्याच भाषेने तो हिरावला हे लपवून कसे चालेल?

पेटीतले कागद

आपल्या घटनेचे कलम २९ आपापली भाषा आणि लिपी जपण्याचा हक्क देते. कलम ३५० प्रमाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते. १९५६ साली त्यात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची तरतूद जोडली गेली. त्याच घटनेत कलम ३३ आहे. शिस्तीसाठी फौजेतल्या माणसाच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते. हे मला मान्य आहे. खंदकात तेरा भाषांत हुकूम देता येत नाही. गोळी कुणासाठी थांबत नाही. हुकमाची भाषा एक असू द्यावी. पण जवानाची खुशाली, त्याची तक्रार, त्याची दुआ, त्याच्या मरणाची खबर यांची भाषा त्याच्या घरची असावी. मी वर सांगितलेल्या साऱ्या इतिहासात जिथे ही दुसरी भाषा सांभाळली गेली तिथे माणूस माणूस राहिला, आणि जिथे हुकमाच्या भाषेने ती गिळली तिथे आज ना उद्या बंड झाले किंवा निदान मौन पसरले.

माझ्या वर्गातली दोन-तीन मुले दरवर्षी भरतीच्या तयारीला लागतात. पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. घरी दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी, भरतीत हिंदी आणि अर्जावर इंग्रजी अशा पाच भाषांतून त्यांना जायचे आहे. मी त्यांना मराठी नीट लिहायला शिकवतो, कारण दादांची खुशाली त्याच भाषेतून घरी आली होती. उर्दूची चारही ‘ज’ घोकून घेतो, कारण दादांना ती कुणी दिली नाहीत. आणि वर्गात दखनी बोलणाऱ्या पोराला आता टोकत नाही.

शेवटी वाचकांना एक विनंती. आपल्या गावोगावी महायुद्धाच्या दगडी पाट्या आहेत. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले, असा आकडा त्यांवर आहे, नावे नाहीत. दखनी मुसलमान शिपायांची नावे त्या आकड्यांत बुडाली आहेत. आपल्या घरच्या पेटीत, माळ्यावर, कुराणाच्या जुझदानात कुठे जुने पोस्टकार्ड, पगारपुस्तिका, वही असेल तर ती रद्दीत घालू नका. कोणत्या लिपीत आहे, कुणी लिहून दिले, कुणी वाचून दाखवले, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून त्याच कागदासोबत लिहून ठेवा. माझ्या दादीला मी ते विचारले म्हणून ओट्यावरचे मास्तर मला कळले. दादी गेल्या. आता विचारायला कुणी नाही.